ग्रॅड्समध्ये पहिला पावसाचा नकाशा

ग्रॅड्स म्हणजे हवामानाच्या आकड्यांवरून नकाशे काढणारा प्रोग्राम. हवामान मॉडेलची नेटसीडीएफ फाइल (असे आकडे साठवायचा एक फाइल-प्रकार) उघडण्याआधी टर्मिनलवर 'एनसीडंप -एच' चालवून तिचं हेडर वाचा. हे टाळू नका. चलाचं (म्हणजे पाऊस, तापमान अशा मोजलेल्या गोष्टीचं) नाव, एकक आणि कॅलेंडर तिथेच कळतं.

सीमिप६ची (जगभरच्या हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या प्रकल्पाची) मासिक पर्जन्य फाइल घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या मॉडेलचीही चालेल. टर्मिनलवर 'ग्रॅड्स -एल' टाइप केलं की आडवी खिडकी उघडते. मग 'एसडीएफओपन' आणि फाइलचं नाव. भारतासाठी 'सेट लॅट 5 40', 'सेट लॉन 60 100'. रंग भरायला 'सेट जीएक्सआउट शेडेड'.

आता 'डी पीआर' (डी म्हणजे दाखव, पीआर हे पर्जन्याच्या चलाचं नाव) दिलं तर आकडे 0.0001 च्या आसपास येतात आणि फाइल बिघडलीय असं वाटतं. ती बिघडलेली नसते. एकक दर चौरस मीटरला दर सेकंदाला किलो असं आहे. 86400 ने गुणा, की रोजचे मिलिमीटर मिळतात.

फाइल जानेवारी 1850 पासून असेल तर जुलै 1985 म्हणजे टी=1627 (टी म्हणजे फाइलमधला कितवा महिना) आणि जुलै 2014 म्हणजे टी=1975. 30 जुलैंची सरासरी: 'सेट टी 1', मग 'डी एव्ह(पीआर*86400,टी=1627,टी=1975,12)'. शेवटचा 12 म्हणजे दर बारावा महिनाच घ्या; तो विसरलात तर सगळेच महिने मिसळतात आणि मान्सून फिका पडतो. नवा नकाशा काढण्याआधी 'सी' द्या, नाहीतर तो जुन्यावरच चढतो.

कोकणातला पाऊस कमी दिसला तर आज्ञा तपासत बसू नका. मॉडेलच्या 100-200 किलोमीटरच्या चौकटीत सह्याद्रीची उंचीच उरत नाही.

चित्र जपायला 'जीएक्सप्रिंट जुलै.पीएनजी'.