सात मार्कांचं काळं मीठ

पहिल्याच शनिवारी मला दारातच अडवलं. ग्लासगोतल्या आमच्या घरात गॅस आणि कोट टांगायची खुंटी यांच्यात जेमतेम चार पावलांचं अंतर आहे. आदल्या रात्री नवऱ्याने सुक्या मटणाला दिलेली फोडणी माझ्या लोकरी कोटात चांगली मुरली होती. व्हिस्की पारखणाऱ्या आमच्या मंडळाच्या प्रमुख बाई म्हणजे उभा जन्म व्हिस्की ब्लेंडिंगमध्ये, वेगवेगळ्या व्हिस्की मिसळण्याच्या कामात, काढून निवृत्त झालेल्या. मी आत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "कुणीतरी कांदा परतलाय." कोट बाहेरच्या बोळात गेला. तेव्हापासून शनिवारचा स्वेटर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवते.

झालं होतं असं, की इथला एक हौशी क्लब दरवर्षी व्हिस्कीचं एक अख्खं पिंप विकत घेऊन सभासदांसाठी त्याच्या बाटल्या भरून घेतो. पिंप कुठलं घ्यायचं ते सात जणांचं मंडळ ठरवतं. त्यात एक जागा रिकामी झाली आणि मी हात वर केला. चार महिने शिकायचं, मग परीक्षा. कोल्हापूरहून आईने फोनवर विचारलं, "शनवारचं सकाळी सकाळी कुठं जातीस गं?" मी सांगितलं, "वास घ्यायच्या क्लासला." तिला ते इतकं बिनकामाचं वाटलं की पुढचा प्रश्नच आला नाही.

तोवर व्हिस्की म्हणजे माझ्यासाठी बर्फ, सोडा, खारे शेंगदाणे आणि रात्रीच्या गप्पा. यातलं एकही शिल्लक राहिलं नाही. बर्फाने वास मिटतो म्हणून बर्फ गेला, शेंगदाण्यांच्या जागी कोरडा पाव आला आणि वेळ ठरली सकाळी साडेदहाची, कारण जेवणाआधी नाक तल्लख असतं. घोट थुंकायचा, त्यासाठी प्रत्येकासमोर एक भांडं. सुरुवातीला त्याची फार लाज वाटायची. पण स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा २०१४पासून इंग्लंडपेक्षाही कमी आहे, त्यामुळे गाडी घेऊन येणारे बिनतक्रार थुंकतात. मी भुयारी रेल्वेने जाते, तरी थुंकायला शिकले. सात ग्लास पोटात गेल्यावर आठव्याला काय मार्क द्यायचे?

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचे आणि गडद निळ्या काचेचे. आतला रंग दिसू नये म्हणून निळे. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असं काही नसतं. पण डोळ्यांनी एकदा मध पाहिला की नाकाला मध सापडतोच. प्रत्येक ग्लासवर काचेचं झाकण आणि तीन आकडी नंबर. नाव नाही, वय नाही, किंमत नाही.

वाइनसारखं नाक खुपसलं तर काय होतं ते मी पहिल्याच मिनिटाला पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं आणि पुढची पाच मिनिटं नाक बधिर. बाईंची पद्धत वेगळी. तोंड किंचित उघडं ठेवायचं, ग्लास हनुवटीपाशी धरायचा आणि वास वर येऊ द्यायचा. मध्येच नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. (म्हणूनच फोडणीवर एवढा राग.) मग पाणी. वास तपासताना ब्लेंडर मंडळी व्हिस्की २० टक्के अल्कोहोलपर्यंत खाली आणतात. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत बरोबरीने पाणी. ४६ टक्क्यांची २० मिलिलिटर असेल तर २६ मिलिलिटर. माझा हात थरथरला, कारण आमच्याकडे चांगल्या स्कॉचमध्ये पाणी ओतणाऱ्याला नावं ठेवतात. पण पाणी पडल्यावर झाकलेले वास खरंच मोकळे झाले. धुरकट वासाचं ग्वायाकॉल नावाचं द्रव्य पाण्यामुळे द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतं, असं २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं होतं. माझ्या नाकाला ते लगेच पटलं.

खरी अडचण शब्दांची. भिंतीवर वासांची नावं गोलात मांडलेलं एक चक्र टांगलं होतं. एडिंबराजवळच्या पेंटलँड्स संशोधन संस्थेत १९७९ साली व्हिस्कीच्या वासांचं असं चक्र पहिल्यांदा तयार झालं, त्याचीच पुढची आवृत्ती. त्यातलं हेदर, गूसबेरी, ख्रिसमस केक हे सगळं नऊ वर्षं इथे राहून मला माहीत होतं, पण नाकात मुरलेलं नव्हतं. मी गुपचूप मराठीत वही ठेवायला लागले. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या हलक्या माल्टपुढे, म्हणजे नुसत्या मोड आलेल्या बार्लीच्या व्हिस्कीपुढे, लिहिलं, लिमलेटच्या गोळ्या आणि डाग पडलेलं केळं. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरलेलीपुढे, ओल्या नारळाची वडी. इतर धान्यांपासूनच्या, थोडीच वर्षं मुरलेल्या ग्रेन व्हिस्कीपुढे, लाह्या. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातलीपुढे, खारीक आणि काकवी.

आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तिघी धुरकट व्हिस्की, लाफ्रॉइग, लागाव्हुलिन आणि आर्डबेग, आल्या तेव्हा मला वाटलं आता आपण घरी आलो. मामाच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारताना येणारा धूर अंगात भिनलेला. पण नाही. तिथे बार्लीचे मोड वाळवायला पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, आणि तिच्या धुरातली फिनॉल्स नावाची वासाची द्रव्यं दाण्याला चिकटतात. लाफ्रॉइगच्या धुरामागे मला टिंचर आयोडिनचा बोळा आणि सरकारी दवाखान्यातला लाकडी बाक आला. गोडवा कुठेच नाही. धूर आणि धूर यांत फरक असतो हे मी चाळिशीत शिकले.

आपल्या शब्दांमुळे सगळं सोपं झालं असं वाटू लागलं आणि तिथेच मी फसले.

परीक्षेत आठ ग्लास. वासाला २५, चवीला २५, घोटानंतर मागे रेंगाळणाऱ्या चवीला २५ आणि एकूण समतोलाला २५. दुसरा ग्लास, नंबर ४१७, नाकाशी आणला आणि मी खूश. खारीक, काकवी आणि त्यावर चक्क काळं मीठ. वहीत लिहिलं, मसाला ताक, दुपार, मावशीचं घर. मार्क दिले ८८. पुढे दोन धुरकट ग्लास होऊन गेले, नाक दमलं. सातवा ग्लास, नंबर ९६२. विझवलेली काडी, सायकलची ट्यूब. काहीतरी बिघडलंय. ८१.

निकाल सांगताना बाईंनी दोन्ही ग्लास माझ्यापुढे सरकवले. ४१७ आणि ९६२ एकाच बाटलीतले होते.

कानकोंडं होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मंडळातल्या बाकीच्या सहा जणांपैकी कुणाचाही फरक दोन मार्कांहून जास्त नव्हता आणि सगळ्यांनी ती सत्तरीत ठेवली होती. कारण एकच, गंधक. बाईंनी शांतपणे सांगितलं. गाळताना तांब्याच्या भांड्याला गंधकाचा बराचसा अंश चिकटून राहतो, म्हणून तर भट्ट्या तांब्याच्या. तरी काही उरतो, आणि कधी कधी पिंपातून नव्याने येतो. रिकाम्या पिंपात बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची कांडी जाळायची जुनी पद्धत आहे. ते प्रमाणाबाहेर गेलं की व्हिस्कीत जळकी काडी आणि रबर उतरतं. काळ्या मिठाचा वासही गंधकाचाच, म्हणजे माझं नाक खोटं बोललं नव्हतं. दोन्ही वेळा त्याने बरोबर पकडलं होतं. पहिल्यांदा नाव चांगलं मिळालं म्हणून मी मार्क वाढवले, दुसऱ्यांदा वाईट मिळालं म्हणून कापले. आणि त्या वाढीव मार्कांतले निम्मे तरी मावशीच्या ताकाचे होते.

नापास. तीन आठवड्यांनी पुन्हा बसायची सवलत मिळाली.

ते तीन आठवडे मी वही दोन रकान्यांत लिहिली. डावीकडे वास, मराठीत, मनात येईल तसा. उजवीकडे मंडळाच्या भाषेतला शब्द आणि तो किती जोरात आहे, एक ते पाच. उजवा रकाना भरल्याशिवाय मार्क लिहायचे नाहीत. सगळे ग्लास एकदा सरळ आणि एकदा उलट क्रमाने हुंगायचे. धुरकट ग्लास नाकाला कळताच बाजूला सारायचा आणि शेवटी घ्यायचा. घरी सरावाला महागातली व्हिस्की नको म्हणून मी काळं मीठ, हिंग, व्हिनेगर, लवंग अशा बाटल्या भरून नवऱ्याला नंबर टाकायला लावले. त्याने एका बाटलीत मुद्दाम स्वतःचा मोजा ठेवला. तोही मी ओळखला.

दुसऱ्या परीक्षेला ग्लास नंबर २३८. झाकण उचललं आणि आलंच ते. खारीक, काकवी, काळं मीठ. डावीकडे लिहिलं, ताक. उजवीकडे लिहिलं, गंधक, चार. वासाला २५पैकी १६. एकूण ७६. मंडळाची सरासरी निघाली ७५.

परीक्षेनंतर बाटल्यांतलं उरलंसुरलं ज्याला हवं त्याने ओतून घ्यायचं असा रिवाज आहे. बाकीचे लागाव्हुलिनभोवती गोळा झाले. मी २३८ची बाटली मागून घेतली, ग्लासात दोन बोटं ओतली, तेवढंच पाणी घातलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले. बाईंनी भुवया वर केल्या, पण बोलल्या काही नाहीत. ही मी थुंकली नाही. जिरेपूड तेवढी कमी होती.