छोटा हत्ती, हट्टी गाव आणि तीन रात्री

रात्री दोनला मी हँडब्रेक उपटून फेकायच्या बेतात होतो. लासलगावला कांद्याच्या रांगेत आमची टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, उभी. पुढे ट्रॅक्टर, मागे पिकअप, आणि केबिनमध्ये मी नि धाकटा मेहुणा. दोन सीटच्या मधला तो दांडा माझ्या बरगडीत घुसलेला. मेहुणा खिडकीच्या काचेला गाल लावून असा घोरत होता, की रांगेतल्या कुणालाही वाटावं गाडी चालूच आहे.

माल त्याचा, गाडी माझी. मी नाशिकच्या पंचवटीत राहतो, भाडी मारतो. डिसेंबरात लाल कांदा निघाला की त्याच्या चांदवडच्या शेतातून लासलगावला दोन-तीन खेपा ठरलेल्या. सकाळच्या लिलावात नंबर लवकर लागावा म्हणून आदल्या रात्रीच येऊन उभं राहायचं. या वेळी मात्र मी बायकोला सांगून निघालो होतो, की माल उतरवला की लगेच परत येणार नाही. रिकाम्या गाडीत झोपत दोन दिवस जिल्ह्यातच हिंडणार. ती म्हणाली, "घरात पलंग आहे म्हणून सांगते." पण तिच्याच भावाला सोबत नेतोय म्हटल्यावर फार बोलली नाही.

तर केबिन. टाटा एसचं इंजिन सीटखाली असतं, ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं. भरलेली गाडी ओढून आणली की सीट तव्यासारखी तापते आणि थंडीत पहिला तासभर फार बरं वाटतं. वाटतं, झालं की, अजून काय पाहिजे. मग इंजिन निवतं आणि पायांपासून गारठा चढायला लागतो. अख्खी गाडीच बाहेरून जेमतेम पाच फूट रुंद, माझी उंची पाच फूट आठ इंच. आडवं व्हायचा प्रश्नच नाही. गुडघे स्टेअरिंगखाली, डोकं दाराच्या कडीवर, आणि कूस बदलली की हॉर्न. दोनदा वाजला. दुसऱ्यांदा मागच्या पिकअपवाल्यानं शिवी दिली.

मी उतरून चहा शोधायला गेलो, तर तोच मागचा पिकअपवाला आधी येऊन बसलेला. साठीच्या पुढचे बाबा, डोक्याला मफलर. म्हणाले, "केबिन बसायला असती, पोरा. झोपायचं मागं."

"मागं कांदा आहे, बाबा."

"मग कांद्यावर. वरनं ताडपत्री. मी काय करून ऱ्हायलो?"

परत येऊन मेहुण्याला हलवलं, विचारलं. अर्धवट झोपेतच तो म्हणाला, "दाजी, माल आहे तो. दबला तर भाव कोण देईल, तुम्ही?" आणि पुन्हा काचेला गाल लावला. मी उजाडेपर्यंत बाबांशेजारी बसलो. पण तेवढ्या वेळात त्यांनी जे सांगितलं, ते पुढच्या दोन रात्री कामाला आलं.

त्यांचं पहिलं सांगणं म्हणजे हौदा, म्हणजे मागची माल भरायची जागा, मोजून घे. माझ्या गाडीचा हौदा २२०० मिलिमीटर लांब, १४९० रुंद. म्हणजे सव्वासात फुटाला थोडा कमी आणि पावणेपाचपेक्षा थोडा जास्त. दोन माणसं सरळ पाय करून झोपतील, पण अंगावर अंग टाकूनच. फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेचे पत्रे, फूटभर उंच, म्हणून लोळून पडायची भीती नाही. बाबांची बोलेरो पिकअप, तिचा हौदा नऊ फुटांचा. तिघं झोपून पायथ्याशी स्टोव्ह ठेवता येईल एवढी जागा. गंमत म्हणजे बोलेरोतच एक मॉडेल आहे, ज्याचं नावच कॅम्पर. त्यात केबिन दुहेरी, पाच माणसं आरामात बसतात, आणि म्हणूनच मागचा हौदा आखूड. नाव कॅम्पर आणि झोपायला पाय दुमडून! इसुझु व्ही-क्रॉसचंही तेच, हौदा पाच फुटांच्या आसपास. गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबई-पुण्याच्या अशा एक-दोन गाड्या टपावर घडीचा तंबू घेऊन आलेल्या मी पाहिल्यात. शिडी लावून वर चढायचं, आत गादी. दिसायला झकास. पण तेवढ्या पैशांत माझ्यासारख्याची जुनी गाडी येईल, म्हणून त्यावर मी मत देत नाही.

सकाळी लिलाव झाला. भाव सांगत नाही, मेहुणा वाचेल. काट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली. हौदा रिकामा झाला तसा त्यात फोलपटांचा लाल गालिचा उरला. इथे मी पहिली चूक केली. वास जावा म्हणून संध्याकाळी चारला पाइप लावून हौदा धुतला. वास गेला नाही. कांद्याचा वास पाण्यानं जात नाही, उलट जागा होतो. आणि पत्र्याच्या खाचांत पाणी राहिलं ते रात्रीपर्यंत वाळलं नाही. धुवायचंच तर सकाळी धुवा आणि दिवसभर फाळका उघडा टाकून गाडी उन्हात ठेवा. नाहीतर नुसता झाडा.

दुसरा मुक्काम नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. अभयारण्यात गाडी लावून झोपणं अर्थातच चालत नाही, आणि आम्हाला करायचंही नव्हतं. मेहुण्याच्या ओळखीचा एक मळा जवळच होता. मी मोठ्या हौसेनं उसाच्या कडेला, बांधावर, एकांतात गाडी लावली. मळेवाले काका बॅटरी घेऊन आले नि म्हणाले, "इथं नका."

"का हो? फाळका लावून झोपतो की."

"बिबट्याला तुमचा फाळका काय अडवणार? कुत्रं नेलंय गेल्या महिन्यात."

निफाडच्या उसात बिबट्या हे आता कौतुक राहिलेलं नाही. शहरातून येणारा माणूस मोकळी, दूरची, शांत जागा शोधतो. इथे नेमकी तीच टाळायची. काकांनी आमची गाडी घराच्या भिंतीला खेटून लावली, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर उभा केला आणि अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवला. "दिव्यात झोप येते का?" असं मेहुणा पुटपुटला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ती आमच्या फाळक्याशी आडवी लावली, तेव्हा गप्प झाला.

आता निफाड म्हणजे थंडी. जानेवारीत नाशिकपेक्षा निफाडचा पारा किती खाली, हे आम्ही पेपरात रोज वाचतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजतात ते. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तर आम्ही उघड्या पत्र्यावर. बाबांनी सांगून ठेवलं होतं, की थंडी वरून नाही, खालून येते. लोखंड अंगातली ऊब ओढून घेतं, पांघरुणं कितीही घ्या. म्हणून खाली थर हवा. काकांच्या शेडमध्ये द्राक्षाच्या पॅकिंगचे पुठ्ठ्याचे बॉक्स पडले होते, न जोडलेले, सपाट. ते दुहेरी अंथरले. त्यावर बारदानं, वर चटई, मग सासूबाईंनी शिवलेली गोधडी. एवढं केल्यावर पाठ गार पडली नाही. फक्त ओल्या खाचेवरचा पुठ्ठा पहाटेपर्यंत पापडासारखा मऊ झाला, आणि तो कोपरा माझ्या वाट्याचा.

छपराची कथा वेगळी. केबिनमागच्या लोखंडी गार्डपासून फाळक्यापर्यंत मधोमध बांबू बांधला, त्यावरून ताडपत्री टाकून दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोरीनं आवळली. मी अगदी ढोलासारखी ताणून, चहूबाजूंनी बंद केली. पहाटे पाचला कपाळावर थेंब. पाऊस कुठला डिसेंबरात? ताडपत्रीच्या आतून पाणी सुटलं होतं, आमच्याच श्वासाचं. दोन माणसांचा ओलसर श्वास गार प्लॅस्टिकला लागतो, त्याचं पाणी होतं आणि गोधडीवर पडतं. पायाकडची बाजू वीतभर उघडी ठेवायची. वारा येईल ही भीती असते म्हणून डोकं केबिनकडं, पाय फाळक्याकडं. हे बाबांनी सांगितलेलं मी विसरलो होतो.

पण थेंबांमुळे लवकर उठलो हे बरं झालं. उजाडता उजाडता पाण्यावर गेलो. धुकं वाफेसारखं वर चाललेलं, त्यात चक्रवाकांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर दिसले. थापट्या, तलवार बदक, आणि शेकड्यानं वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून हे नाव. मेहुण्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "दाजी, मग यांची दिंडी त्र्यंबकला कधी?"

त्यावरून आठवलं. गेल्या पौषात आमच्या गल्लीतली दिंडी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी गेली, तेव्हा सामानाला माझीच गाडी होती. पौष वद्य एकादशीची ती यात्रा, थंडी अशीच. गाडीत पिठाचे डबे, वळकट्या, भजनाचं साहित्य. हौद्यात झोपायला जागाच नव्हती. तिथे बायकांनी ताडपत्रीचं एक टोक हौद्याच्या कडेला बांधलं, दुसरं जमिनीवर दगडांनी दाबलं. गाडी झाली भिंत आणि पडवी तयार. दहा-बारा जणी त्यात झोपल्या. माणसं जास्त असली तर मला अजूनही तीच पद्धत बरी वाटते. "कॅम्पिंग" हा शब्द त्यांच्यापैकी कुणीही ऐकलेला नसावा.

तिसऱ्या दिवशी निफाडवरून पिंपळगाव, तिथून आग्रा रोडनं वडाळीभोई आणि आत धोडंबे मार्गे हट्टी. छोटा हत्ती घेऊन हट्टीला जायचं हे माझ्या डोक्यात वर्षभर होतं. धोडप किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव. दुरून पाहिलं तर डोंगरावर कातळाची लांबच लांब भिंत आणि तिच्यात मधेच कुणी करवतीनं कापल्यासारखी खाच. १७६८ साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला तो या धोडपला. काका-पुतण्याच्या भांडणाला जागा मात्र फार देखणी निवडली.

वाटेत मेहुण्याला हौद्यात बसून वारा खायचा होता. नाही म्हटलं. मालवाहू गाडीच्या हौद्यात चालत्या गाडीत माणूस बसवायचा नसतो, कायद्यानंही नाही आणि आग्रा रोडवर तर अकलेनंही नाही. हौदा घर होतो तो गाडी थांबल्यावर. तसंच त्याचं दुसरं म्हणणं, की कायमचं पत्र्याचं छप्पर आणि खिडकीच करून घेऊ. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. शिवाय मी नंतर त्यात कांदा कसा भरू? ताडपत्री सकाळी सोडली, घडी केली, की गाडी पुन्हा भाड्याला मोकळी.

हट्टीत आधी विचारलं, मग गाडी लावली. एका घरानं अंगण दिलं, वर पिठलं-भाकरीही दिली. अंगणाला उतार होता. गाडीचं तोंड उताराकडे लावलं तर केबिनकडचं डोकं खाली जाणार आणि रात्रभर रक्त डोक्यात. म्हणून चार वेळा पुढे-मागे करून पुढच्या चाकांखाली चपटे दगड घातले, फळीवर पाणी ओतून ते कुठे पळतं हे बघितलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि चाकांपुढं धोंडे लावले. यात पाऊण तास गेला. घरातल्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घरात जागा आहे रे बाबांनो." आम्ही हसून नको म्हटलं. त्यांना आम्ही घरून भांडून आलोय असंच वाटलं असणार.

थंडी निफाडपेक्षा बोचरी. मेहुण्यानं घमेल्यात निखारे आणले, हौद्यात ताडपत्रीखाली ठेवू म्हणाला. इथे मात्र मी आवाज चढवला. बंद जागेत कोळशातून सुटणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. काच लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणंही तितकंच वाईट. घमेलं अंगणात ठेवलं, शेकलो, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, मग आत गेलो. पुठ्ठे कोरडे, पायाकडं वीतभर फट, त्या फटीतून चांदण्यांची एक पट्टी. कूस बदलली, हॉर्न वाजला नाही. सहा तास गाढ झोपलो. घरच्या पलंगावर इतकी लागत नाही, पण हे बायकोला सांगितलेलं नाही.

सकाळी धोडप चढलो. पायऱ्या, दरवाजे, वर देवीची गुहा. त्याबद्दल वेगळं लिहीन, कारण मेहुण्याच्या गुडघ्यांचं प्रकरण त्यात आहे.

खाली येऊन चावी फिरवली तर गाडी गप्प. मेहुणेसाहेबांनी रात्री मोबाइल चार्जिंगला लावला होता, चावी चालू ठेवून, वर केबिनमधला दिवाही. बॅटरी बसली. पण अंगणाचा जो उतार आदल्या संध्याकाळी शत्रू वाटला होता, तोच कामाला आला. धोंडे काढले, गावातली चार पोरं जमली, मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसलो. मेहुणा हौद्यातली अंथरुणं गोळा करत होता, त्याला म्हटलं, तूही ढकल. "छोटा हत्ती ढकला रे" म्हणत पोरांनी जोर लावला, मी क्लच सोडला, गाडीनं दोन आचके दिले आणि धडधडायला लागली. आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल या भीतीनं मी थांबलोच नाही. आरशात पाहिलं तर सासूबाईंची गोधडी खांद्यावर टाकून मेहुणा मागून पळत होता, आणि ओट्यावरच्या आजी हसत होत्या.