नशिराबाद कितलं शे?

आषाढीची वारी सध्या आपल्याला जमणार नाही, हे मी केव्हाच मान्य करून टाकलं आहे. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड करत महिन्याहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. माझ्या घरी नववीतला मुलगा आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत आणि ओसरीत शिलाई मशीन आहे. महिनाभर मशीन बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरी शिलाईवाली शोधेल, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून मी माघी वारी धरली. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर-चांगदेवला यात्रा भरते. खान्देशातून, वऱ्हाडातून, तिकडे बऱ्हाणपूरकडून दिंड्या येतात. आमचं गाव एरंडोल तालुक्यात. दिंडी सरळ महामार्ग धरते: पाळधी, जळगाव, नशिराबाद, भुसावळ, वरणगाव, हरताळे आणि मुक्ताईनगर. शंभर किलोमीटरच्या आसपासच भरतं. ‘एवढीशी काय वारी’ म्हणणारे गावात आहेत. त्यातला एकही जण कधी पाळधीपर्यंतसुद्धा चालत गेलेला मी पाहिला नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा मुक्त विद्यापीठाचं बी.ए. होतं. शेवटचं वर्ष, परीक्षा उन्हाळ्यात. पहिली दोन वर्षं निघून गेली, पण तिसऱ्या वर्षी पुस्तक उघडायचीच इच्छा होईना. अभ्यास केंद्रातून पुस्तकं आणली आणि कापडांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिली. मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचा, पहाटे चारला उठणारी माणसं यशस्वी होतात म्हणे. आमच्याकडे पहाटे चारला नळाला पाणी येतं. मी उठतेच. यश काही हंड्यात आलं नाही.

अर्थशास्त्राचं पुस्तक सामानाच्या टेम्पोत टाकून मी निघाले. मोठ्या जाऊबाई हसल्या, म्हणाल्या, ‘मुक्ताईला वाचून दाखवणार का?’

निघालो त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पहिल्या दिवशी सगळेच उड्या मारत चालतात. टाळ, मृदंग, पताका, तुळस डोक्यावर घ्यायला बायकांची चढाओढ. कापूस वेचून झालेला, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. दादर ज्वारी कणसावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. गावोगाव चहा, कुठे बोरं, कुठे केळी. संध्याकाळी हरिपाठ झाला, पाउली झाली, आणि पाय दुखत असूनही फुगडीला कोणी नाही म्हटलं नाही. उत्साह म्हणतात तो हा. त्याच्या जोरावर मुक्ताईनगर काय, काशी गाठू असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो संपला. कुठे संपला हेही मला ठाऊक आहे. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडून आम्ही जळगावात शिरलो तोपर्यंत ठीक होतं. आकाशवाणी चौकात लोकांनी पाणी दिलं, हात जोडले, आम्हीही जोरात अभंग म्हटला. अजिंठा चौफुली मागे पडली आणि माणसं संपली. राहिला नुसता महामार्ग. बाजूने ट्रक गेला की पदर उडतो, तोंडात धूळ. माघातली पहाट गारठ्याची असते, पण खान्देशचं दुपारचं ऊन महिना विचारत नाही. डाव्या टाचेला फोड आला होता. गाणंही थांबलं होतं, मृदंगवाला नुसता चालत होता. मी मनाशी हिशोब केला, अजून इतकं चाललो नाही जितकं चालायचं आहे. तो हिशोब केला आणि पाय शिशाचे झाले.

आमचे विणेकरी जिभाऊ साठीच्या पुढचे. शेतकरी माणूस, सबंध आयुष्य अहिराणीतच बोललेलं. मी त्यांना विचारलं, ‘जिभाऊ, मुक्ताईनगर अजून किती असेल?’

ते थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘मुक्ताईनगर कितलं शे ते इचारूच नको बेटा. नशिराबाद कितलं शे ते इचार.’

मग मी तेच विचारलं. म्हणाले, ‘ते व्हई जाई.’

नशिराबादला शाळेच्या ओट्यावर पडल्या पडल्या मला त्यांच्या बोलण्यातली मेख कळली. जिभाऊंना मुक्ताईनगरची ओढ माझ्यापेक्षा कमी नव्हती. पण दिवसभर त्या ओढीवर ते चालत नव्हते. त्यांचं चालणं आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. काकडा किती वाजता, निघायचं किती वाजता, चहा कुणाच्या दारी, दुपारचं जेवण कुठल्या मळ्यात, मुक्काम कुठे. सकाळी उठून ‘आज चालावंसं वाटतं का’ हा प्रश्न दिंडीत कोणी कोणाला विचारत नाही. विचारला असता तर निम्मी दिंडी पाळधीहूनच एस.टी.ने परत आली असती, आणि मी पहिल्या सीटवर असते.

वीण्याचंही तसंच. चालताना वीणा खाली टेकत नाही. जिभाऊ दमले की दुसरा पुढे होतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. त्या दुपारी मी हे नीट पाहिलं. जिभाऊ चांगलेच दमले होते. वीणा काढून दिला, गमछ्याने मान पुसली आणि टाळकऱ्यांच्या मागे निमूट चालू लागले. ‘मी आता कमी पडलो’ असलं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. घरी मी मात्र अभ्यास, मशीन, सासूबाईंची औषधं, सगळे वीणे एकटीच्या गळ्यात घालून बसले होते.

त्या रात्री टेम्पोवरून वाद झाला. दिंडीतल्या एक मावशी, सत्तरीच्या, दुपारी दोनेक तास टेम्पोत बसून आल्या होत्या. एका तरुण मुलाने त्यांना डिवचलं, ‘मावशी, तुमची वारी मोडली.’

मावशींनी फोडाला हळद लावत त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मी टेम्पोमा बसनू म्हनीसन वारी बुडनी का रे? सकाय मी तुन्हा पुढे ऱ्हासू.’

आमच्यात एक सर होते, कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, मावशी शास्त्रशुद्ध बोलताहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. ९६ माणसं, प्रत्येकाने एक नवी सवय निवडली, जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी थोडं पळणं अशी, आणि १२ आठवडे ती पाळायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील तर कोणाला २५४, असा त्यांचा हिशोब निघाला. मधला आकडा ६६. आपल्याकडे व्याख्यानांतून जे २१ दिवसांचं सांगतात त्याच्याशी याचा मेळ नाही. आणि एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही.

तो मुलगा म्हणाला, ‘सर, म्हणजे रोज टेम्पोत बसलं तरी चालेल?’ सर म्हणाले, ‘एखादा दिवस म्हटलं मी.’ सगळे हसले. मला मात्र त्या आकड्यांनी धीर आला. गेल्या दिवाळीत लागोपाठ शिलाई आली, आठवडाभर पुस्तक उघडलं नाही, आणि मग ‘आता मोडलंच आहे’ म्हणून महिना गेला होता. आठवड्याने नुकसान थोडं झालं, ‘मोडलंच आहे’ने जास्त केलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मावशी खरंच पुढे होत्या.

साकेगावला वाघूर ओलांडली आणि भुसावळ जवळ आलं तसं बोलणंच बदललं. आमचं ‘शे’ आणि ‘ऱ्हायनं’ मागे राहिलं, चहा देणाऱ्या बायका लेवा बोलीत आग्रह करू लागल्या. केळीच्या बागा हिरव्यागार, आणि त्यांच्या पलीकडे दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या. त्या चिमण्या फार वैताग देतात. दिसतात लवकर आणि जवळ येत नाहीत. मी तिकडे बघायचं सोडून दिलं आणि पुढच्या बाईच्या टाचांकडे बघत चालले. एकादशी होती. वरणगावच्या अलीकडे कोणीतरी भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. इतकी चविष्ट भगर मी कधी खाल्ली नाही, पण तेव्हा मी काहीही चविष्ट म्हटलं असतं.

हरताळ्याला रात्री मी अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं. दोन पानं वाचली. मागणीची लवचीकता. कळली असं नाही, पण वाचली. जाऊबाई शेजारी झोपल्या होत्या, त्या डोळे न उघडता म्हणाल्या, ‘मुक्ताई आली का ऐकायला?’

मुक्ताईनगरात दर्शनाची रांग लांबच लांब होती. रांगेत उभं राहायला चालण्यापेक्षा जास्त सहनशक्ती लागते, हे मी खात्रीने सांगू शकते. दर्शन क्षणभराचं. नंतर चांगदेवला गेलो, तापी-पूर्णेच्या संगमावर. काळ्या दगडाचं जुनं कोरीव देऊळ आहे. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, त्यावर मुक्ताईने ‘इतकी वर्षं जगून कोराच राहिला’ म्हटलं, आणि पुढे तिलाच त्यांनी गुरू केलं, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते. लोक ती सांगताना चांगदेवांना हसतात. मला त्या देवळाच्या पायरीवर बसून त्यांचं कौतुक वाटलं. इतक्या वयाला, इतका मोठा नावलौकिक असताना, आपल्याहून कितीतरी लहान मुलीसमोर शिकायला बसायचं. माझ्या अभ्यास केंद्रात माझ्या शेजारी विशीतल्या मुली असतात, आणि मला प्रश्न विचारायची लाज वाटते.

घरी आल्यावर मी दोन गोष्टी ठरवल्या. लग्नसराईत ब्लाऊजचे ढीग येणार, हे दर वर्षीचं आहे. तेव्हा सगळे पेपर या परीक्षेला द्यायचे नाहीत. अर्थशास्त्र पुढच्या खेपेला. मुलगा म्हणाला, ‘मग वर्ष वाया जाईल ना?’ म्हटलं, वर्ष जाईल, पण बाकीचे पेपर सुटतील. दुसरं, संध्याकाळी सात ते आठ मशीन बंद. शेजारची बारावीची मुलगी तिची पुस्तकं घेऊन माझ्याकडे येते, आम्ही समोरासमोर बसतो. ती आली की मला उठून कोथिंबीर निवडायला जाता येत नाही. सासूबाईंची रात्रीची औषधं मुलगा देतो. पहिल्या आठवड्यात एकदा विसरला. मग मी भिंतीवर लिहून लावलं.

परवा त्या मावशीच ब्लाऊजपीस घेऊन आल्या, नेमक्या सव्वासातला. नातीचं लग्न, घाई होती. मी म्हटलं, ‘मावशी, आठ वाजता माप घेते. आता अभ्यास चालू आहे.’ त्या ओसरीत उभ्या राहून पुटपुटल्या, घरच्या माणसाला असं करतं का कोणी, एवढं काय ते अभ्यासाचं. मग पिशवी कोपऱ्यात ठेवली, माझ्या आणि त्या मुलीच्या मध्ये चटईवर मांडी घातली आणि म्हणाल्या, ‘वाच. मी बठस.’