नदी ओलांडणारा देव आणि आमच्या गेममधला फुटका धर्म

आमच्या गेम ग्रुपमध्ये (कल्पित जगात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, असा खेळ) जग रचायचं काम माझ्याकडे, म्हणजे नकाशे, राजे, देवधर्म सगळं, बाकीचे फासे टाकणार आणि वेफर्स संपवणार. यावेळी त्या जगातल्या एका धर्मात फूट पाडायची होती आणि जमतच नव्हतं. फँटसीत धर्म फुटतो तो ठरलेल्या दोन-तीन कारणांनी, कुणाला तरी स्वप्न पडतं, नाहीतर गुहेत नवीन पोथी सापडते. बोअर झालंय ते. शिगम्यात (म्हणजे तिथला शिमगा) गोव्याला गेलो (बीचला गेलो नाही यावर घरी अजून कुणाचा विश्वास नाही) आणि तिथे आयतं मिळालं.

मंगेशीला सात मजली दीपस्तंभ, बाहेर अबोलीच्या वेण्या, गर्दी, ते सगळं यूट्यूबवर आहेच. मला इंटरेस्ट होता देव इथे आला कसा यात. मूळ देऊळ कुशस्थळीला, म्हणजे आत्ताचं कुठ्ठाळी. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० मध्ये लिंग जुवारी नदीपार करून प्रियोळला आणलं, कारण हा मुलूख त्यांच्या हातात नव्हता, फोंडा, म्हणजे हाच भाग, त्यांना मिळाला तो थेट १७६३ ला. कवळ्याची शांतादुर्गाही तशीच केळशीहून आलेली. पण हे सगळं देवळाच्या पायरीवर नाही तर कुठ्ठाळीच्या काठावर उभं राहिल्यावर कळतं, नदी हीऽ एवढी रुंद, होडीत देव, आणि काठावर जे मागे राहिले त्यांचं काय?

बस, तिथेच फोनवर टाइप करायला लागलो. नदीमाय नावाची देवी, परचक्र आलं, निम्मा गाव मूर्ती घेऊन पलीकडे गेला आणि निम्म्याचा पाय शेतातून निघेना. पुढे गेलेल्यांचे झाले नावेकरी, राहिलेल्यांचे ठायकरी. नावेकरी म्हणतात देवी मूर्तीत आहे, ठायकरी म्हणतात देवी जागेत आहे, तुम्ही नेलात तो दगड. आणि खरी फूट पडते ती देवाच्या नावच्या जमिनीचं भात कुणाच्या कोठारात जायचं यावरून, तत्त्वज्ञान बिचारं मागून लिहिलं जातं.

मग गेलो फातर्प्याला आणि इतका सुबक बसवलेला धर्म पुन्हा उसवला. इथली देवीही मूळची दुसऱ्या गावची, कुंकळ्ळीची. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) मारले गेले, त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. एवढं होऊनही शिगम्यात देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला माहेरी आल्यासारखी येते, सोबत बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या, आणि त्यात हिंदूंच्या जोडीला ख्रिश्चनही असतात. गुलाल असा उडतो की माझ्या फोनचा स्पीकर अजून गुलाबी आवाज काढतो. गर्दीत एका आजोबांना विचारलं, देवी नेमकी कुठची मानायची हो, इथली की तिथली? ते म्हणाले, "हांगाय आसा आनी थंयूय आसा, तूं वाटेंतल्यान कुशीक जा मरे, सत्री येता." म्हणजे इथेही आहे आणि तिथेही आहे, तू वाटेतून बाजूला हो, छत्री येतेय.

झालं, नियम बदलला. वर्षातून एक दिवस मूर्ती नदी ओलांडून परत येते आणि त्या दिवशी छत्री धरायचा मान ठायकऱ्यांचा. दोन्हीकडच्या पुजाऱ्यांना तो दिवस डोळ्यांसमोर नको असतो, लोकांना मात्र तोच हवा असतो. ग्रुपवर टाकलं तर आमच्यातल्या चोराचं पात्र खेळणाऱ्याचा पहिला मेसेज, छत्रीचा दांडा चांदीचा आहे का?