फ्रिजवरची ती यादी

बाबांचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनीने बाहेर टाकायचा असतो) वाढलंय हे कळलं त्या रात्री मी मोबाईल घेऊन बसले आणि किडनीच्या पेशंटने काय खाऊ नये हेच पहाटेपर्यंत वाचत राहिले. सकाळी फ्रिजवर यादी चिकटवली. केळं नाही, संत्रं नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, पालक नाही, दूध नाही, चीज नाही, डाळी नाहीत, चिकन तर नाहीच नाही. केवढं मोठं काम केलं असं वाटत होतं मला. बाबांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि म्हणाले, "पाणी तरी चालेल ना?"

पुढचे तीन महिने बाबा बिनमिठाचा भात आणि उकडलेला कोबी खात होते, म्हणजे खात होते असं मी म्हणतेय, अर्धं ताट परत यायचं. सहा किलो वजन उतरलं आणि मी खूश, म्हटलं बरंय, थोडे बारीक झाले. मग डाएटिशियनकडे गेलो तर त्यांनी आधी बाबांचा दंड दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ही चरबी नाही गेलेली, स्नायू गेलेत. पोटात पुरेशा कॅलरी गेल्या नाहीत की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि त्यातून जो युरिया तयार होतो तो बाहेर टाकायचं काम परत त्याच थकलेल्या किडनीवर. म्हणजे मी बाबांना प्रोटीन देत नव्हते आणि बाबा आतल्या आत स्वतःलाच खात होते. मला तिथेच रडू आलं.

मग त्यांनी रिपोर्ट मागितला. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ३४, पोटॅशियम ४.४. मला म्हणाल्या, पोटॅशियम अगदी नॉर्मल आहे, मग केळं का बंद केलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादीत होतं म्हणून केलं! मी ती यादी कुठल्या तरी डायलिसिसवाल्या पेशंटसाठीच्या माहितीवरून उतरवली होती आणि बाबा तेव्हा डायलिसिसपासून लांब होते. किडनीचा आजार म्हणजे एकच पथ्य असं नसतंच मुळी. मीठ कमी करणं जवळपास सगळ्यांना, प्रोटीन मोजून, पण पोटॅशियम आणि फॉस्फरस हे ज्याच्या त्याच्या रिपोर्टवर. आज बंद केलेलं पुढच्या रिपोर्टला परत सुरू होऊ शकतं. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

प्रोटीनचं गणित एकदा समजलं की सोपं आहे. डायलिसिस सुरू नसताना साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, बाबांचं वजन ६० धरलं तर दिवसाला ४८ ग्रॅम. एका अंड्यात ६, कपभर दुधात ८, कपभर शिजवलेल्या भातात ४ वगैरे, शिजवलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ३०. म्हणजे चिकन बंद नाही, पण ज्या दिवशी चिकन त्या दिवशी तुकडा मोजून आणि बाकीचं प्रोटीन आखडतं. मी आता आठवड्याचा बेत करते तो असाच, आधी प्रत्येक दिवसाचं प्रोटीन कुठून येणार ते लिहायचं, मग भाजी ठरवायची, आणि पोट भरायला भात, पाव, वर तेलाचा हात थोडा सैल. तेलाच्या बाबतीत मी आयुष्यभर कंजूष होते पण कॅलरी भरून काढायला तेलासारखं काही नाही, त्यात पोटॅशियम नाही, फॉस्फरस नाही, प्रोटीनही नाही.

मिठाची गोष्ट मात्र माझ्या मूर्खपणाची आहे. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात पावातलं, सॉसमधलं, पाकिटातल्या सूपमधलं सगळं आलं. तर मी हुशारी करून बाजारातलं कमी सोडियमवालं मीठ आणलं. चव बरी लागायची, बाबा खूश, मी खूश. दोन महिन्यांनी पोटॅशियम ६.१! डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला लावला, कारण पोटॅशियम असं चढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा माणसाला कळतसुद्धा नाही, बाबा मजेत पेपर वाचत बसले होते. घरी येऊन पाकीट उलटं करून वाचलं तर पोटॅशियम क्लोराइड. सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियमच घातलेलं असतं, धडधाकट माणसाला चालेल, किडनीवाल्याला विष. त्यात बाबांची बीपीची जी गोळी किडनी जपते तीच थोडं पोटॅशियम वाढवते, शिवाय त्या दिवसांत पोट साफ होत नव्हतं, त्यानेही वाढतं. आणि मी इतके दिवस केळ्यावर डूख धरून बसले होते. ते पाकीट फेकलं. आता साधंच मीठ, पण सकाळी अर्धा चमचा छोट्या डबीत काढून ठेवते, स्वयंपाक बिनमिठाचा आणि ताटात वरून त्या डबीतलं बाबा स्वतः घेतात. वरून घातलेलं मीठ जिभेला लगेच लागतं म्हणून कमी पुरतं. लिंबू, लसूण, मिरपूड भरपूर.

त्यानंतर काही महिने पोटॅशियम खरंच सांभाळावं लागलं, तेव्हा बटाट्याचं शिकले. नुसतं रात्रभर पाण्यात भिजवून काही फारसं होत नाही, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं, मग निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जातं. ते पाणी सूपमध्ये घालायचं नाही (मी घातलं होतं एकदा, वाया का घालवायचं म्हणून). फळांत सफरचंद, द्राक्षं, अननस, पेअर म्हणजे नाशपाती. स्टारफ्रूट मात्र अजिबात नाही, रिपोर्ट कसाही असो, त्यातलं एक द्रव्य खराब किडनीतून बाहेर पडत नाही आणि थेट मेंदूवर जातं. बाबांना डायबेटिस पण आहे आणि किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, साखर अचानक खाली येते. अशा वेळी आम्ही पूर्वी संत्र्याचा रस द्यायचो, पण त्यात पोटॅशियम, म्हणून आता ग्लुकोजच्या गोळ्या खिशात.

फॉस्फरस माझ्या यादीत नावालाही नव्हता. डाळी, धान्यं, नट्स यांतला फॉस्फरस अर्धासुद्धा अंगी लागत नाही, पण कारखान्यात टिकवण्यासाठी जे फॉस्फेट घालतात ते जवळपास सगळं शोषलं जातं. काळ्या रंगाचे कोला, प्रोसेस्ड चीज, सॉसेज, फ्रोझन तयार पदार्थ. मी डाळ बंद करून बाबांना चीजऐवजी चीज स्प्रेड देत होते, बोला! आता पाकिटावर फॉस हे अक्षर कुठेही दिसलं की परत फळीवर.

गेल्या वर्षी डायलिसिस सुरू झालं आणि सगळं गणित परत उलटं. आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन, कारण मशीनमधून रक्तातली अमिनो आम्लं (ज्यांपासून प्रोटीन बनतं ती) पण थोडी निघून जातात. इतकी वर्षं मोजून दिलं आणि आता मीच मागे लागते, अजून एक अंडं खा, निदान पांढरं तरी खा, त्यात फॉस्फरस नाहीच जवळजवळ. बाबा म्हणतात तू एकदा काय ते ठरव. जेवणातला फॉस्फरस पोटातच अडवणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची असते, नंतर आठवून घेतली तर उपयोग नाही, म्हणून ती आता मिठाच्या डबीशेजारीच.

आणि पाणी. दिवसभरात लघवी होईल तेवढं अधिक अर्धा लिटर, बस, त्यात चहा, सूप, दही, बर्फ सगळं धरून. एक लिटर जास्त प्यायलं की पुढच्या डायलिसिसला काट्यावर एक किलो दिसतोच, लपवता येत नाही. फ्रिजवरची यादी निघाली त्याला बरीच वर्षं झाली पण बाबांना तो प्रश्न बरोबर आठवतो, म्हणाले, "बघ, तेव्हाच विचारलं होतं मी." सकाळी मी बाटली मोजून भरते, त्यातलं थोडं पाणी ते ट्रेमध्ये ओतून बर्फ करतात, एक खडा तोंडात बराच वेळ पुरतो म्हणे. शेवटचे दोन खडे रात्री झोपायच्या आधी, क्रिकेट बघताना.