सर्च बॉक्समध्ये आपला प्रश्न टाकायचा नसतो

परवा आमच्या टीममधली एक ज्युनिअर वैतागून आली, म्हणाली, "सर, दोन दिवस शोधतेय, काहीच मिळत नाहीये, यावर कुणी काम केलेलंच नाही वाटतं." मी म्हटलं, काय टाकलंस ते दाखव आधी. बघतो तर बॉक्समध्ये अख्खं वाक्य. क्लोराइड असलेल्या गरम पाण्यात ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या पाइपला वेल्डजवळ तडे का जातात, हे सगळं इंग्रजीत एका ओळीत. गूगलला असं विचारलेलं चालतं, तो अंदाज बांधून काहीतरी आणून देतो. पण टेक्निकल डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथे रिसर्च पेपर शोधतात तिथे, बहुतेक ठिकाणी तुम्ही टाकलेला प्रत्येक शब्द रेकॉर्डमध्ये, म्हणजे पेपरच्या नोंदीत, असलाच पाहिजे असं धरलं जातं, मग शब्दागणिक रिझल्ट गळत जातात आणि शेवटी हातात शून्य. आणि शून्य दिसलं की वाटतं विषयच नवा आहे! मला हे फार लागतं मनाला, कारण या तड्यांवर लोकांनी अख्खी करिअर घातली आहेत आणि ते सगळं तिथेच पडलेलं असतं, फक्त आपण हाक चुकीच्या नावाने मारतोय.

तिला मी एकच सांगितलं, की तुझा प्रश्न बाजूला ठेव आणि ज्याने उत्तर लिहून ठेवलंय त्याने कोणते शब्द वापरले असतील ते शोध.

मग कागद घेतला आणि प्रश्नाचे तीन तुकडे केले. मटेरिअल कोणतं, बिघाड कोणता, वातावरण कोणतं. "का जातात", "परिणाम", "अभ्यास" असले शब्द सरळ काढून टाकले, ते शोधायला काही कामाचे नसतात. प्रत्येक तुकड्याखाली त्याची जितकी नावं आठवतील तितकी लिहायची, नावांच्या मध्ये ऑर, सगळ्यांना मिळून कंस, आणि कंसांच्या मध्ये अँड. ऑरने जाळं रुंद होतं, अँडने अरुंद. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

खरी मजा नावं लिहिताना येते. ३१६एल हे नाव आपल्या तोंडी बसलंय, पण युरोपातला लेखक तेच स्टील १.४४०४ म्हणून लिहितो, कुणी एस३१६०३ लिहितो, कुणी नुसतं ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील म्हणून मोकळा होतो. तिने यातलं एकच टाकलं होतं. बिघाडाचंही तेच, तिच्या वाक्यात क्रॅक होता पण या विषयातली माणसं त्याला स्ट्रेस करोजन क्रॅकिंग म्हणतात, काही जण एन्व्हायर्नमेंटली असिस्टेड क्रॅकिंग म्हणतात, आणि घाईत सगळे एससीसी लिहितात. तिने लगेच नुसतं एससीसी टाकून बघितलं तर पहिल्याच पानावर काँक्रीट! कारण सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट पण एससीसीच, आणि मेडिकलवाल्यांकडे एका कॅन्सरचंही शॉर्टफॉर्म हेच आहे. नुसता क्रॅकिंग शब्द टाकला असता तर पेट्रोकेमिकलचं क्रॅकिंग आलं असतं, जिथे मोठे हायड्रोकार्बन रेणू तोडतात. म्हणून शॉर्टफॉर्म एकटं सोडायचं नाही, सोबत मटेरिअलचा कंस पाहिजेच.

काँक्रीट दिसल्यावर ती पटकन म्हणाली, मग नॉट काँक्रीट टाकू का? मी तिला थांबवलं. काँक्रीटच्या आत स्टेनलेसच्या सळ्या घालतात, आणि तिथे क्लोराइड पोचल्यावर काय होतं यावरच कितीतरी पेपर आहेत, एका नॉटमध्ये ते सगळे गायब झाले असते आणि आपल्याला कळलंही नसतं. काय आलं ते दिसतं, काय गेलं ते दिसत नाही. मी स्वतः नॉट अगदी शेवटी वापरतो, तेही आधी नॉटशिवाय रिझल्ट बघून.

स्टारचं, म्हणजे * या खुणेचं, पण असंच. शब्दाचं मूळ टाकून पुढे स्टार लावला की त्याची सगळी रूपं येतात हे सगळे सांगतात, पण स्पेलिंगकडे बघा जरा. करोजनच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली सहा अक्षरं घेऊन स्टार लावला तर करोजन येईल, करोजिव्ह येईल, पण करोड आणि करोडेड नाही येणार, कारण तिथे एसच्या जागी डी आहे. दोन मुळं वेगवेगळी द्यावी लागतात. आणि ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंग, अॅल्युमिनियममधला तो एक जास्तीचा आय, फायबरमधली शेवटची दोन अक्षरं उलटसुलट, काही डेटाबेस हे आपोआप सांभाळतात, काही नाही. मी दोन्ही टाकतो, आपलं काय जातंय.

शब्दांमधलं अंतर ही गोष्ट फार कमी लोक वापरतात. अवतरणचिन्हात टाकलं की शब्द चिकटून पाहिजेत, अँड टाकलं की एक शब्द टायटलमध्ये आणि दुसरा अॅब्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे पेपरच्या सारांशाच्या, शेवटी असला तरी चालतं. मधला रस्ता म्हणजे नियर. वेब ऑफ सायन्स नावाच्या डेटाबेसमध्ये नियर, मग तिरकी रेघ आणि आकडा, म्हणजे तेवढ्या शब्दांच्या आत, स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नियरच्या जागी डब्ल्यू, मग तीच रेघ आणि आकडा. वेल्ड आणि क्रॅक पाच शब्दांच्या आत मागितले की कचरा एकदम कमी होतो.

आणि कंस विसरू नका, प्लीज. तीच ओळ कंसाशिवाय टाकली तर पबमेड हा मेडिकलचा डेटाबेस डावीकडून उजवीकडे वाचत जातो, वेब ऑफ सायन्स अँड आधी सोडवतो, स्कोपस ऑर आधी. तीन ठिकाणी तीन अर्थ, आणि एरर कुठेच येत नाही.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. कितीतरी डेटाबेसमध्ये विषयाच्या जाणकारांनी ठरवलेली शब्दांची यादी असते, पबमेडमध्ये मेश, ती १९६० पासून आहे, इंजिनिअरिंगसाठी इन्स्पेक आणि कॉम्पेंडेक्स या डेटाबेसचे थिसॉरस, म्हणजे अशाच याद्या. लेखकाने काहीही शब्द वापरो, रेकॉर्डवर यादीतला ठरलेला शब्द चढतो. म्हणजे तुम्ही जे अंदाजाने शोधताय ते कुणीतरी आधीच एका नावाखाली गोळा करून ठेवलंय. एवढं काम करून ठेवलेलं असतं आणि आपण त्या यादीच्या टॅबवर क्लिकही करत नाही. पण अगदी ताज्या रेकॉर्डवर हे शब्द कधीकधी अजून चढलेले नसतात, म्हणून यादीतला शब्द आणि आपले शब्द दोन्ही ऑरने जोडायचे.

तो शब्द सापडायची सोपी युक्ती म्हणजे एक तरी बरोबर पेपर मिळवायचा आणि त्याचं पूर्ण रेकॉर्ड उघडायचं. तिचा पहिला नीट रिझल्ट आला तेव्हा आम्ही पेपर वाचायच्या आधी खाली विषयाचे शब्द बघितले, त्यात सेन्सिटायझेशन होतं, म्हणजे वेल्डच्या उष्णतेने ग्रेन बाउंड्रीजवळचं, धातूच्या कणांच्या सीमेजवळचं, क्रोमियम कमी होणं. हा शब्द तिच्या डोक्यात नव्हता, माझ्याही कागदावर राहिला होता. चौथा कंस न करता तो बिघाडाच्याच कंसात ऑरने घातला आणि परत सर्च केला. मग त्या पेपरची रेफरन्स लिस्ट मागे, आणि त्या पेपरचा संदर्भ नंतर कोणी दिलाय ते पुढे, असं दोन्हीकडे गेलो.

आता तिच्या डेस्कटॉपवर एक साधी टेक्स्ट फाइल आहे. तारीख, डेटाबेस, पूर्ण ओळ कंसासकट, किती रिझल्ट आले आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. काल तिने त्यात सातवी ओळ लिहिली, ३१६एलच्या शेजारी एल-शिवायचं नुसतं ३१६ पण घातलंय, आणि ते मी न सांगता.