किल्ली जेवणाच्या टेबलावर

२२ ऑक्टोबर, पाडवा
नॉरफोक, व्हर्जिनिया

संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन शेजारच्या बाईंकडे गेले होते. यंदा चकली जमली, शंकरपाळे मात्र दगड झालेत. बाईंना चकलीच आवडते. दरवर्षी हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि हे वेटोळं कसं घातलंस म्हणून विचारतात. आज काहीच विचारलं नाही. डबा ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "आज बावीस ना?" मला वाटलं, डॉक्टरांकडे वगैरे जायचं असेल. तर म्हणाल्या, "आजच्याच तारखेला आम्हाला घरातून हलवलं होतं. सोमवार होता."

अकरा वर्षांचा शेजार आमचा. बाईंचे वडील नौदलात होते एवढं ठाऊक होतं, पण नॉरफोकात त्याचं काय कौतुक! इथे नौदलाशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. त्या ग्वांतानामोत, क्युबातल्या अमेरिकन नौदलाच्या तळावर वाढल्या हे मात्र आज कळलं. ते नाव ऐकलं की मला नारिंगी कपड्यांतले कैदी दिसतात. बाईंच्या ग्वांतानामोत शाळेची बस होती, पोहायचा तलाव होता, रात्री उघड्यावर सिनेमा असायचा आणि दुपारी अंगणात घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडलेले असायचे. बाई तेव्हा, म्हणजे १९६२ मध्ये, चौदा वर्षांच्या.

घरी आल्यावर थोडं वाचत बसले. क्युबाच्या आग्नेय टोकाचा हा ४५ चौरस मैलांचा तुकडा अमेरिकेने १९०३ मध्ये भाड्याने घेतला, जहाजांना कोळसा भरायला. भाडं वर्षाला २,००० सोन्याचे डॉलर. १९३४ च्या करारात असं कलम घातलं की दोघांनीही मान्य केल्याशिवाय किंवा भाडेकरू स्वतः उठून गेल्याशिवाय जागा सुटायची नाही. गिरगावातल्या पागडीवाल्याने हात जोडावेत असा करार! पुढे भाडं झालं ४,०८५ डॉलर. क्युबात कॅस्ट्रोची क्रांती झाल्यावर एकदा चुकून एक चेक वटला म्हणतात. त्यानंतरचे चेक त्याने टेबलाच्या खणात टाकून दिले. मालक भाडं घेत नाही आणि भाडेकरू जागा सोडत नाही. अशा घरात बाईंचं बालपण गेलं.

तर तो सोमवार. सकाळी नेहमीसारखी शाळा सुरू होती. डब्ल्यू. टी. सॅम्पसन हे शाळेचं नाव, स्पेनबरोबरच्या १८९८ च्या लढाईतल्या अ‍ॅडमिरलवरून ठेवलेलं. मध्येच मुलांना घरी पाठवलं. घरी आई बॅग भरत होती. माणशी एकच बॅग. हुकूम असा होता: कुत्री-मांजरं अंगणात बांधा, घराची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि बॅग घेऊन दारापुढे उभे राहा, बस येईल. का, कुठे, किती दिवसांसाठी, काही सांगितलं नाही. बाईंच्या आईने त्या अर्ध्या तासात भांडी घासली. पुरुषांना तिथेच थांबायचं होतं.

"तुम्ही बॅगेत काय घेतलंत?" मी विचारलं.

"पोहायचा पोशाख," बाई म्हणाल्या. "आणि मैत्रिणीच्या दोन रेकॉर्डी. परत करायच्या राहिल्या होत्या."

दोन हजारांहून जास्त बायका-मुलं त्या दुपारी जहाजांवर चढली, काहींना विमानाने नेलं. संध्याकाळी सात वाजता केनेडींनी भाषणात क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांची गोष्ट जगाला सांगितली, तेव्हा कुठे जहाजावरच्या बायकांना आपण का निघालो ते समजलं. भाषण कर्ण्यावरून ऐकवलं. बाईंना त्यातला एक शब्द आठवत नाही. आठवते ती एक बाई, जी भाषण सुरू असताना मुलीची वेणी पुन्हा पुन्हा सोडून पुन्हा घालत होती.

२५ तारखेला जहाजं इथे, नॉरफोकात लागली. ऑक्टोबरअखेरचा इथला वारा आणि पोरं आली ती सँडल आणि बिनबाह्यांच्या कपड्यांत. धक्क्यावर रेडक्रॉसच्या बायका कोट वाटत होत्या. बाईंच्या वाट्याला मुलग्याचा कोट आला, कोपरापर्यंत दुमडून घातला. तो धक्का आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. मी तिथून कितीदा गेले असेन.

आईला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच, पण दिवाळीची म्हणून ती उठलेलीच असते. म्हटलं, बासष्टच्या ऑक्टोबरात क्युबाचं काही कानावर आलं होतं का गं? म्हणाली, "कसलं क्युबा! वीस तारखेला चीन आत घुसला होता. आम्ही मुली शाळेत जवानांसाठी स्वेटर विणत होतो. मला बाही जमायची नाही म्हणून मी नुसते मफलर विणले." दिवाळी आठवड्यावर आली होती. माझ्या पणजीने हातातली एक पाटली संरक्षण निधीला दिली आणि दुसरीचं काय करायचं यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली. महिन्याभरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते साताऱ्यात अजून सांगतात. एकाच आठवड्यात बाई पोहायचा पोशाख बॅगेत भरत होत्या आणि आई मफलर विणत होती. दोघींना एकमेकींच्या युद्धाचा पत्ता नाही.

मीही फौजी घरातली. देवळाली, झाशी, पठाणकोट, मग पुन्हा देवळाली. नऊ वर्षांत सहा शाळा. क्वार्टर सोडताना यादीवर सही घ्यायची पद्धत होती. खुर्च्या चार, पंखे दोन, फुटलेली काच एक. भिंतीवर खिळा ठोकायचा नाही, घर सरकारचं. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने बाबांचं नाव आणि नंबर. बाईंना ट्रंकेचं सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. त्यांच्याकडे लाकडी पेट्या असायच्या.

पण एक फरक आहे आणि तो मला आज पहिल्यांदा नीट दिसला. आमच्यात बाबांचं पोस्टिंग फिल्डवर आलं की आम्ही गावी. आजीकडे, विहिरीवर, मराठी शाळेत. धोका असेल तिथे बायका-पोरं न्यायची नाहीत, हा साधा हिशेब. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धानंतर उलटं केलं. १९४६ पासून जर्मनीत, जपानात सैनिकांच्या मागोमाग बायका-मुलं पाठवली, त्यांच्यासाठी शाळा काढल्या. शिपायाचं मन रमावं, हे एक कारण. दुसरं कोणी उघड बोलत नसेल, पण अंगणात वाळत घातलेले लंगोट आणि शाळेची बस यांच्याइतकं "आम्ही इथून हलत नाही" हे तोफेलाही सांगता येत नाही. कुंपणापलीकडे क्रांती झालेली आणि अलीकडे चौदा वर्षांची पोर पियानोच्या शिकवणीला निघालेली. तिला निशाणासारखं तिथे रोवलं होतं, असं मला वाटतं. बाईंना हे बोलून दाखवलं नाही. त्यांचे ते सुखाचे दिवस आहेत.

आणि सुखाचे होतेच. गोऱ्या-काळ्यांची पोरं तिथे एका वर्गात बसत. इथे नॉरफोकात १९५८ मध्ये काळ्या मुलांना घ्यावं लागू नये म्हणून सहा शाळांना कुलूप घातलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत उघडल्या त्या १७ काळ्या मुलांना घेऊन. बासष्टमध्ये बाई सहा आठवडे इथल्या शाळेत गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी बाकावरच्या शेजारणीला विचारलं, बाकीची मुलं कुठायत? ती म्हणाली, कोण बाकीची?

सगळीच पोरं मात्र सिनेमा आणि पोहण्यावर खूश नव्हती. बाई तिथे जायच्या आधी, १९५७ मध्ये, तळावरच्या कुटुंबांतले तीन मुलगे पळाले आणि थेट सिएरा माएस्त्राच्या डोंगरात कॅस्ट्रोला जाऊन मिळाले. सगळ्यांत धाकटा पंधराचा! अमेरिकन टीव्हीवाले कॅमेरा घेऊन डोंगरात पोचले तेव्हा हे तिघे दाढीवाल्या बंडखोरांत बसलेले सापडले. दोघा धाकट्यांना मे महिन्यात परत पाठवलं, थोरला आणखी काही महिने राहिला. पाच वर्षांनीसुद्धा शाळेत हा किस्सा चवीने चघळला जायचा. बाईंना त्यांचा हेवा वाटायचा. मला राहून राहून त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या आईचं वाटतं.

डिसेंबरात कुटुंबांना परत जाऊ दिलं. किल्ली होती तिथेच, टेबलावर. घरात धुळीचा थर. अंगणात मात्र एकाऐवजी तीन कुत्री. वडिलांनी गल्लीतली उरलेली दोन आणून बांधली होती. दुपारी खंदक खणायचे आणि रात्री तिघांना खायला घालायचे. त्यांच्याकडे कामाला येणारी क्युबन बाई पुढेही येत राहिली. रोज फाटकातून आत, रोज फाटकातून बाहेर, दोन्हीकडून झडती. असे क्युबन कामगार हजारोंनी येत. त्यांतले शेवटचे दोघे निवृत्त झाले ते थेट २०१२ मध्ये. बाईंकडची मात्र १९६४ च्या फेब्रुवारीनंतर दिसली नाही.

त्या फेब्रुवारीत अमेरिकेने फ्लोरिडाजवळ क्युबाच्या मासेमारी होड्या पकडल्या आणि कॅस्ट्रोने तळाचं पाणी तोडलं. पाणी यातेरास नदीवरून यायचं, म्हणजे कुंपणापलीकडून. मग तळ चोरून पाणी घेतो असाही आरोप झाला. तळाचे अ‍ॅडमिरल बल्कली त्यावर असे चिडले की त्यांनी जमीन खणून पाइपच कापून दाखवला. सॅन दिएगोहून समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना सुटा करून आणला. तो चालू होईपर्यंत जहाजाने पाणी यायचं आणि नळाला मोजके तास. क्युबन कामगारांतल्या कित्येकांना तेव्हा कामावरून काढलं. बाईंच्या आईने कामवालीचा उरलेला पगार पाकिटात घालून ठेवला होता. तो कोणाकडे द्यायचा ते त्या उन्हाळ्यात बदली होईपर्यंत कळलं नाही.

"तुमचं गाव कोणतं म्हणायचं मग?" मी आपलं मराठी माणसाने विचारावं तसं विचारून बसले. बाई म्हणाल्या, जन्म फिलाडेल्फियाच्या नौदलाच्या दवाखान्यात. मग थांबल्या. मग म्हणाल्या, "अर्ज भरताना नॉरफोक लिहिते."

निघताना डबा रिकामा करून दिला. आमच्यात डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या, त्यात चार पिअर घातले. देण्याआधी तो धुतला. वाटीभर पाणी घेऊन आधी डबा विसळला, त्याच पाण्यात झाकण, आणि ते पाणी खिडकीतल्या कुंडीला. अकरा वर्षं मी हे बघतेय आणि घरी येऊन नवऱ्याला सांगतेय की बाई भलत्याच चिक्कू आहेत.